गेम चांगला आहे, पण मॅच लागत नाही

वाचकाचं पत्र:

आम्ही चौघं मिळून एक छोटा गेम स्टुडिओ चालवतो. तीन वर्षं खपून आम्ही पाच विरुद्ध पाच असा एक ऑनलाइन ॲक्शन गेम केला आणि पाच महिन्यांपूर्वी तो स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला, आणला. तीन मोड (खेळायचे प्रकार), प्रत्येकात रँक्ड (खेळाडूची क्रमवारी ठरवणारी) आणि साधी मॅच, जगाच्या चार रीजनमध्ये सर्व्हर. पहिल्या शनिवारी एकाच वेळी १,८०० लोक ऑनलाइन होते. आता रात्री ऐन भरात ४० असतात, पहाटे चार-पाच. रिव्ह्यू चांगले आहेत, पण निम्म्याहून जास्त रिव्ह्यूंत एकच वाक्य असतं: 'गेम चांगला आहे, पण मॅच लागत नाही.' एक सहकारी म्हणतो, गेम फुकट करून टाकू. दुसरी म्हणते, नवे मॅप (खेळायची मैदानं) आणि नवी कॅरेक्टर आणू. तिसरा काहीच बोलत नाही. त्याने तीन महिने पगार घेतलेला नाही. मी रोज रात्री उशिरापर्यंत डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरच्या शिव्या वाचत आणि त्यांना उत्तरं देत बसते. हातात सात महिन्यांचे पैसे आहेत. घर गहाण ठेवून कर्ज काढायचा विचार मनात येतोय. चालू ठेवावं की बंद करावं? आणि बंद केलं तर ज्यांनी पैसे मोजून गेम घेतला त्यांना काय तोंड दाखवायचं?

उत्तर:

आधी थेट उत्तर देतो, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. गेम आत्ता बंद करू नका. फुकटही करू नका. नव्या मॅपच्या आणि कॅरेक्टरच्या वाटेला तर जाऊच नका. गेम लहान करा, आहेत ती ४० माणसं एकमेकांना सापडतील इतका लहान. आणि बंद करायची तारीख चौघांनी बसून याच आठवड्यात ठरवून टाका. कर्ज काढू नका. आता एकेक करून सांगतो.

तुमच्या रांगांचा, म्हणजे मॅचसाठी थांबलेल्या खेळाडूंच्या वेगवेगळ्या याद्यांचा, हिशेब मांडून बघा. तीन मोड, प्रत्येकात रँक्ड आणि साधी, म्हणजे सहा. त्याला चार रीजनने गुणा, चोवीस झाल्या. ऐन भरात ४० माणसं म्हणजे एका रांगेच्या वाट्याला धड दोनही येत नाहीत, आणि मॅच सुरू व्हायला दहा लागतात. समजा, रात्री नऊला एक जण गेम उघडतो आणि रँक्डचं बटण दाबतो. पडद्यावर ते चक्र फिरायला लागतं. एक मिनिट जातं, दोन जातात, तीन जातात. त्याला हे दिसत नाही की दुसऱ्या मोडच्या रांगेत सहा जण असंच चक्र बघत बसलेत आणि साध्या मॅचच्या रांगेत आणखी तिघं. दहा माणसं हजर आहेत, मॅच होऊ शकते, पण तुमच्याच प्रोग्रामने त्यांना तीन ठिकाणी वाटून ठेवलंय. चौथ्या मिनिटाला हा गडी गेम बंद करतो. पाचव्या मिनिटाला त्याच रांगेत नवा माणूस येतो आणि तोही एकटाच असतो. दोघांना वाटतं, इथे कुणीच नाही. दोघंही तसा रिव्ह्यू लिहितात.

त्यात पैशाचीही गळती आहे, ती तुमच्या लक्षात आली आहे का बघा. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो. हे दोन तास गेम चालू असण्याचे मोजले जातात. मॅचची वाट बघत बसलेला वेळही त्यातच जातो. ज्या माणसाने तासभर चक्र बघितलं आणि एक मॅच खेळली, तो त्याच रात्री पैसे परत मागणार. त्याला नावं ठेवता येत नाहीत.

पहिल्या शनिवारचा आकडाही याच नजरेने परत बघा. १,८०० लोक चोवीस रांगांत वाटले की सरासरी ७५ येतात, आणि त्यातले बहुतेक आधीच कुठल्या ना कुठल्या मॅचमध्ये अडकलेले. रात्रीच्या गर्दीत हे निभावलं. पण त्याच दिवशी पहाटे, किंवा तुमच्या सगळ्यात दूरच्या रीजनमध्ये, रांगा रिकाम्या पडायला सुरुवात झाली असणार. सर्व्हरचे लॉग (नोंदी) काढून पहिल्या आठवड्यातला तासावारी प्रतीक्षेचा वेळ बघा. माझ्या मते तुम्हाला तिथेच उत्तर दिसेल. लोक गेले म्हणून रांगा ओस पडल्या हे खरं आहे, पण रांगा ओस होत्या म्हणून लोक गेले हेही तितकंच खरं आहे. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही. त्यात भर म्हणजे ऑनलाइन किती जण आहेत हा आकडा स्टीमवर सगळ्यांना दिसतो. विकत घेण्याआधी लोक तो बघतात आणि '४०' वाचून पुढे जातात.

ही अडचण फक्त लहान स्टुडिओंची आहे असं समजून स्वतःला दोष देऊ नका. सोनीचा कॉनकॉर्ड हा ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. त्यामागे किती मोठी कंपनी आणि किती वर्षांचं काम होतं ते तुम्हाला माहीत आहे. मल्टिप्लेअर गेम घेणारा माणूस खरं तर पलीकडच्या नऊ माणसांसाठी पैसे मोजतो, आणि ती नऊ माणसं तुमच्या हातात नसतात. बाकी कुठल्याही प्रकारच्या गेममध्ये एकटा खेळाडू शंभर टक्के गेम खेळू शकतो. तुमच्या गेममध्ये एकट्या खेळाडूला मेनूपलीकडे काही नाही. हे दुखणं गेमच्या रचनेतच आहे, म्हणून औषधही तिथेच शोधायला हवं.

तर पहिलं काम: एकच मोड, एकच रांग. बाकीचे दोन मोड झाकून ठेवा. कोणता ठेवायचा हे वाद घालून ठरवू नका, ज्यात सगळ्यात जास्त मॅच पूर्ण झाल्या तो ठेवा. रँक्डचं बटण काढून टाका, पण आत कौशल्याचा आकडा मोजत राहा आणि तो दोन संघ समतोल करायला वापरा. ४० माणसांत तोडीस तोड खेळाडू शोधत बसणं परवडणारं नाही; असलेल्या दहांचे दोन बरोबरीचे संघ पाडणं जमण्यासारखं आहे. काही जुने खेळाडू चिडतील. त्यांना हेच गणित मोकळेपणाने दाखवा. चोवीस रांगांचा आकडा वाचल्यावर समजूतदार माणूस वाद घालत नाही.

रीजनचा प्रश्न जरा अवघड आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन परत यायला कमीत कमी १०० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत नसते, मधे राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. नेम धरून मारायच्या गेममध्ये हे जाणवतं. कितीही हुशार कोड लिहिला तरी अंतर कमी होत नाही, फक्त झाकता येतं. तरीही मी चारऐवजी दोन रीजन ठेवीन आणि ज्यांना पिंग (सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) जास्त येणार त्यांना ते आधीच पडद्यावर दाखवीन. १५० पिंगवर मॅच मिळणं हे २० पिंगवर मॅच न मिळण्यापेक्षा बरं. आणि बिलाचंही बघा: ४० माणसांच्या एका वेळी जास्तीत जास्त चार मॅच होतात. चार मॅचसाठी चार रीजनमध्ये चोवीस तास मशीन चालू ठेवायची गरज नाही. मॅच सुरू होताना सर्व्हर उभा राहील आणि संपली की मिटेल अशी सोय करा, किंवा एका मशीनवर अनेक मॅच चालवा. तुमच्या सात महिन्यांचे आठ महिने कदाचित इथेच होतील.

दुसरं, तीन विरुद्ध तीन करून बघा. मॅप मोठे वाटतील, काही कोपरे बंद करावे लागतील, पण दहाऐवजी सहा माणसांत मॅच सुरू होईल. तुमच्यासाठी तो चारचा फरक फार मोठा आहे. आणि उरलेल्या जागा बॉटने, म्हणजे संगणकच चालवतो अशा खेळाडूंनी, भरा. बॉट म्हटलं की स्वाभिमानी डेव्हलपरला कमीपणा वाटतो, पण फोर्टनाइटने २०१९ मध्ये आणि पब्जीने २०२० मध्ये बॉट घेतले, आणि त्यांना माणसांची वानवा नव्हती. फक्त लपवाछपवी नको. बॉटच्या नावापुढे 'बॉट' लिहा, आणि खरा माणूस आला की मॅच चालू असतानाच त्याला बॉटच्या जागी घ्या. तुमच्या खेळाडूने फसवणूक पकडली तर तो पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि पकडतोच.

तिसरं काम कोडचं कमी आणि निश्चयाचं जास्त आहे. आठवड्यातले दोन दिवस आणि प्रत्येक दिवसाचे दोन तास ठरवा. त्या वेळी सगळ्यांनी यायचं. गेमच्या मेनूवर पुढच्या भेटीची उलटी मोजणी लावा, खेळाडूच्या स्थानिक वेळेनुसार. स्टोअर पेजवर सगळ्यात वर लिहा: 'या दिवशी, या वेळी या, मॅच मिळेल.' दिवसभर विखुरलेली १५० माणसं एका तासात गोळा झाली की त्याच गेममध्ये जान येते. आणि तुम्ही चौघांनी त्या वेळी खेळायचं. बाकीच्या वेळी बॉटबरोबर सराव किंवा मित्रांबरोबर खासगी लॉबी. 'आमच्याकडे चोवीस तास गर्दी नाही' हे उघड कबूल करायला धाडस लागतं, मला मान्य आहे. पण ते तसंही सगळ्यांना दिसतंच आहे, आणि कबूल केल्यावर लोक मदतीला येतात असा या धंद्यातला अनुभव आहे.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या सूचनेकडे येतो. फुकट करण्याचा मोह मी समजू शकतो, आकडे एका रात्रीत उडी मारतात. पण आलेली माणसं त्याच चोवीस रांगांत जाऊन पडतील आणि तितक्याच वेगाने परत जातील. शिवाय फुकट गेममध्ये चीटरला बॅन केलं तर तो पाच मिनिटांत नवं खातं काढून परत येतो, कारण त्याचं काही जात नाही. सर्व्हरचा खर्च सगळ्यांसाठी, पैसे देणारे मूठभर. त्या मूठभरांसाठी दर महिन्याला नवे स्किन (कॅरेक्टरचे विकतचे पोशाख) काढायला एक पूर्णवेळ कलाकार लागतो, आणि तुमच्याकडे एकूण माणसं चार. व्हेलान स्टुडिओजचा नॉकआउट सिटी हा ऑनलाइन गेम मे २०२१ मध्ये विकत आला, जून २०२२ मध्ये फुकट झाला आणि जून २०२३ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. त्या लोकांना काम येत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. गेम खरंच छान होता.

स्प्लिटगेटची गोष्ट तर तुम्ही नीट अभ्यासावी. हा गेम २०१९ मध्ये फुकटच आला, थोडे दिवस चालला आणि खेळाडू आटले. पुढे २०२१ च्या जुलैत कन्सोलवर खुला बीटा (सगळ्यांसाठी चाचणी आवृत्ती) आला आणि इतके लोक लोटले की सर्व्हर पुरेनात. गेममध्ये शिरायलाच रांग लावावी लागली. मग मोठं भांडवल आलं, टीम वाढली. जून २०२५ मध्ये दुसरा भाग आला, तोही फुकट, आणि पुढच्याच महिन्यात स्टुडिओने तो परत बीटात नेत असल्याचं जाहीर केलं. तीच माणसं, तीच मूळ कल्पना, फुकट तिन्ही वेळा. निकाल तीन वेगळे. म्हणून किंमत शून्य करण्याला मी उपाय मानत नाही. रांगा एक करून झाल्या, बॉट आले, ठरावीक वेळ रुजली, की एखादा वीकेंड गेम मोफत खेळू द्या. तोवर थांबा.

नव्या मॅपबद्दल फार लिहायची गरज नाही. ज्याला मॅच मिळत नाही त्याला नवा मॅप दिसतच नाही. तुमच्या सहकारिणीचे हात बॉटला रस्ते शिकवण्यात आणि तीन-विरुद्ध-तीनसाठी मॅप आखडण्यात लावा. तिचं कौशल्य तिथे सत्कारणी लागेल.

तुम्हाला कुणीतरी 'अमंग अस' या गेमचं उदाहरण दिलं असेलच. 'तोही दोन वर्षं पडून होता, मग बघा!' बरोबर आहे. इनरस्लॉथने तो जून २०१८ मध्ये काढला आणि २०२० च्या मध्यावर स्ट्रीमर मंडळींनी, म्हणजे गेम खेळताना थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी, तो उचलल्यावर जगभर पोचला. पण तो दोन वर्षं तग धरू शकला याचं कारण बघा: तीन माणसांचा स्टुडिओ, साधा गेम, आणि तेव्हा चार ते दहा जणांचा खेळ, जे बहुतेकदा एकमेकांना ओळखणारेच असत. चालू ठेवायला फार काही लागत नव्हतं. स्ट्रीमर येईल की नाही हे कुणाच्या हातात नसतं. तो येईपर्यंत जिवंत राहायचा खर्च किती, हे मात्र डिझाइन करताना ठरवता येतं. गर्दी आल्यावर त्यांनी काय केलं तेही लक्षात घ्या. दुसरा भाग जाहीर केला होता तो साधारण महिन्याभरात रद्द केला आणि असलेला गेम सुधारायला बसले.

गेल्या काही वर्षांत लहान स्टुडिओंचे जे मल्टिप्लेअर गेम चाललेत त्यांत एक गोष्ट सारखी आहे. लीथल कंपनी, ऑक्टोबर २०२३, एकाच माणसाने केलेला. पीक, जून २०२५, ॲग्रो क्रॅब आणि लँडफॉल यांचा. दोन्हींत तीन-चार मित्र मिळून खेळतात आणि अनोळखी माणसाची गरज पडत नाही. एकाने घेतला की तो उरलेल्या तिघांच्या मागे लागतो. विक्री तोच करतो. खाणीत उतरून खेळायचा डीप रॉक गॅलॅक्टिक घ्या. कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सने तो २०१८ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आणला. चौघांचा खेळ, पण एकटा आलात तर सोबतीला बॉस्को नावाचा ड्रोन येतो, आणि मॅच खेळाडूंपैकीच एकाच्या मशीनवर चालते. रात्री तीन वाजता जगात दुसरं कुणी ऑनलाइन नसलं तरी तो गेम खेळता येतो. तुमचा गेम असा नाही, आणि आता तो पूर्ण बदलताही येणार नाही. पण तुमच्याकडे शस्त्रं आहेत, मॅप आहेत, चालण्या-धावण्याचं इंजिन आहे. त्यातून चार मित्रांनी बॉटच्या टोळीविरुद्ध लढायचा एक लहान मोड होऊ शकतो का, हे जे सहकारी सध्या गप्प आहेत त्यांना विचारा. स्टीमवरच्या गेमला स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं रिले नेटवर्क (मधला दुवा) वापरता येतं, त्यामुळे खेळाडूच्या मशीनवर मॅच चालवली तरी एकमेकांचा आयपी पत्ता उघडा पडत नाही. यजमान, म्हणजे ज्याच्या मशीनवर मॅच चालू आहे तो, निघून गेला तर मॅच तुटते, हा तोटा आहे. मित्रांमित्रांत तो चालून जातो.

एक सूचना जाता जाता. अर्ली ॲक्सेसमधून बाहेर पडून पूर्ण आवृत्ती काढाल तेव्हा गेम विशलिस्टमध्ये (पुढे घ्यायच्या यादीत) ठेवलेल्या लोकांना पुन्हा सूचना जाते. ही संधी एकदाच मिळते. 'अर्ली ॲक्सेसचा शिक्का गेला की लोक येतील' म्हणून घाईने ती खर्च करू नका. मॅच लागायला लागल्यावरच वापरा.

डिस्कॉर्ड. रात्री उशिरापर्यंत शिव्या वाचणं हे काम नाही, ती स्वतःची नासाडी आहे, आणि ती तुमच्या निर्णयांत उतरते. 'डेड गेम' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देऊ नका. दिवसातला एक तास ठरवा, त्यात बग आणि खऱ्या तक्रारी बघा, बाकी वेळ बंद. शिवीगाळ करणाऱ्याला काढून टाका, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. जे १५-२० जण रोज येतात त्यांतून दोन शांत डोक्याचे निवडा आणि त्यांना मॉडरेटर करा. नियम लेखी द्या. आणि आठवड्यातून एकदा स्वतः सगळ्यांना एक टीप लिहा: या आठवड्यात काय केलं, सरासरी प्रतीक्षा किती होती, पुढे काय. प्रतीक्षेचा खरा आकडा लिहा. पाच मिनिटांवरून दोनवर आला हे वाचून लोक परत येऊन बघतात.

आता तारखेबद्दल. सात महिन्यांपैकी शेवटचे दोन महिने हात न लावता बाजूला काढा. एक तुमच्या सगळ्यांच्या पगारासाठी, नवं काम शोधेपर्यंत. दुसरा गेम नीट बंद करण्यासाठी, त्याबद्दल खाली लिहितो. म्हणजे प्रयत्नाला पाच महिने उरले. चौथ्या महिन्याच्या शेवटी दोन आकडे बघायचे. नव्याने आलेल्यांपैकी किती जणांना तीन मिनिटांत मॅच मिळाली? आणि ज्यांना मिळाली त्यांतले किती जण पुढच्या आठवड्यात परत आले? मॅच मिळूनही लोक परत येत नसतील, तर दोष गर्दीचा नाही, गेममध्येच काहीतरी कमी आहे, आणि तेव्हा थांबणं योग्य. लोक परत येतायत पण नवे फार थोडे येतायत, असं असेल तर गेम जगवण्यासारखा आहे. मग मोफत वीकेंड, सवलत, स्ट्रीमरना पत्रं, पूर्ण आवृत्ती, हे सगळं त्या वेळी. पण आधी ठरवलेला आकडा मागाहून खाली ओढू नका. म्हणूनच तो आज लिहून ठेवायचा, चौघांच्या सह्यांनिशी.

कर्जाबद्दल मी कठोर बोलतो. कर्जाने महिने मिळतात, खेळाडू मिळत नाहीत. आणि चालू असलेला ऑनलाइन गेम महिने फार लवकर संपवतो. कुणी पब्लिशर पैसे द्यायला आला तर करारात तीन गोष्टी वकिलाकडून बघून घ्या: गेमचे हक्क कुणाकडे राहतात, आधी कुणाचे पैसे वसूल होतात, आणि सर्व्हरचं बिल कुणी आणि कधीपर्यंत भरायचं. तिसरी गोष्ट लोक विसरतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त आवडला, कारण या धंद्यात तो फार थोडे लोक आधी विचारतात. द क्रू या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ मध्ये बंद झाले तेव्हा पैसे देऊन घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपातल्या तिच्या अर्जावर २०२५ मध्ये १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. लोकांचा राग गेम बंद झाल्याचा कमी, घेतलेली वस्तू हातातून काढून नेल्याचा जास्त होता. उलट नॉकआउट सिटीने बंद होताना खासगी सर्व्हरवर चालणारी आवृत्ती मोफत दिली. जानेवारी २०२३ मध्ये बंद झालेल्या स्पेलब्रेक या गेमनेही तसंच केलं. आजही कुणी मित्र जमवून ते खेळू शकतं.

तुम्हीही हे करू शकता, पण शेवटच्या आठवड्यात नाही. सर्व्हर प्रोग्राम बाहेर द्यायचा तर त्यातल्या गुप्त किल्ल्या काढाव्या लागतात, लॉगिन आणि खात्यांची सेवा नसतानाही तो सुरू व्हायला लागतो, आणि ज्या लायब्ररी तुम्ही परवान्यावर घेतल्या त्या वाटायची मुभा आहे का ते तपासावं लागतं. अँटी-चीट (लबाडी पकडणारा प्रोग्राम) बहुधा वगळावं लागेल. हे सहज दोन-तीन आठवड्यांचं काम आहे, म्हणून तो एक महिना बाजूला. लॉगिन, मॅचमेकिंग, लीडरबोर्ड यांसाठी बाहेरची सेवा वापरत असाल तर तुमच्या कोडमध्ये तिच्याभोवती एक वेगळा थर असू द्या. २०१४ च्या मे अखेरीस गेमस्पाय या अशाच बाहेरच्या कंपनीची सेवा बंद झाली तेव्हा कितीतरी गेमचं ऑनलाइन खेळणं एकदम लटकलं. ज्यांचं ऑनलाइन खेळणं त्या सेवेवरच बेतलेलं होतं त्यांना ते सावरणं कठीण गेलं. बंद करायचं ठरलं तर किमान दोन महिने आधी जाहीर करा, त्याच दिवशी विक्री थांबवा, आणि खासगी सर्व्हरची आवृत्ती जाहीर केलेल्या तारखेच्या आधी हातात द्या. मग तोंड लपवायचं काही कारण उरत नाही.

हे काम तुम्ही आत्ताच सुरू केलंत तर खासगी सर्व्हर हे चालू गेमचंही बळ ठरेल. एखादा गट स्वतःचा सर्व्हर चालवेल, स्वतःच्या स्पर्धा भरवेल, आणि त्याचं बिल तुमच्याकडे येणार नाही.

राहिला तो गप्प असलेला सहकारी. तीन महिने पगार न घेणारा माणूस दोनच कारणांनी गप्प असतो: त्याला सोडून जायचंय आणि सांगता येत नाही, किंवा त्याचा गेमवर इतका जीव आहे की तो बंद होण्याची भाषा त्याला ऐकवत नाही. बैठकीआधी त्याच्याशी एकट्याने बोला. थकलेला पगार किती आहे ते कागदावर लिहा, आणि जो पहिला पैसा येईल त्यातून तो आधी फेडायचा हे बाकीच्या दोघांसमोर कबूल करा. त्याला सध्या महिन्यातले काही दिवस बाहेरचं काम घ्यायचं असेल तर घेऊ द्या. इतर स्टुडिओंचे गेम दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेण्याची कामं मिळतात, आणि त्यातून बरेच छोटे स्टुडिओ तगले आहेत. तारीख, आकडे आणि थकबाकी, या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या की तोही बोलायला लागेल.

रांगा एक करण्याचा पॅच (गेममधली दुरुस्ती) सगळ्यांत आधी काढा. बॉट आणि तीन-विरुद्ध-तीन त्याच्यामागून येऊ द्या, पहिला पॅच त्यांच्यासाठी अडवून धरू नका. त्या पॅचनंतरच्या पहिल्या ठरलेल्या रात्री सरासरी प्रतीक्षा किती आली, हे मला जरूर कळवा.